मीच माझा हात खोटा ठरवला

माझा मोबाईल एकदा बांगड्यांबरोबर कोल्हापूरला गेला होता. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं, म्हणून आधी तेच सांगतो.

मी मूळचा बुरोंडीचा. आता कितीतरी वर्षं रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या बंदरावर जाळी दुरुस्त करतो. शाळा चौथीपर्यंत. चौथी मी दोनदा केली, दोन्ही वेळा तेवढीच समजली. वाचायला येतं, नाही असं नाही, पण ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते विसरतो. त्यामुळे मोबाईल घेतला तेव्हा मला त्यातलं एकच आवडलं, बटण दाबून बोलायचं आणि सोडून द्यायचं. बोलायला मला कधी शाळा लागली नाही.

तर एकदा बंदरावरच्या ग्रुपवर बातमी आली. मोबाईल थंड ठेवला की बॅटरी दुप्पट टिकते, परदेशात शोध लागलाय. मी म्हटलं, परदेशातल्या लोकांना बर्फ विकत घ्यावा लागत असेल, आपल्याकडे बंदरावर ढीग पडलेत. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, आणि बाजूला बर्फ घालून भरलेला मासळीचा क्रेट होता त्यात वरच्या थरात खुपसून ठेवला. आणि चहाला गेलो. चहा पिऊन येतो तर क्रेट नाही. क्रेट ट्रकात, ट्रक घाटात.

बायकोनं दुपारी मला फोन लावलान. उचललान कोल्हापूरच्या मासळीवाल्यानं.

"कोण पायजे?"

"माझा नवरा."

"बाई, हितं नुसतं बांगडं हायती."

"त्यातलाच एखादा असंल, बघा जरा."

चार दिवसांनी ट्रकवाल्यानं मोबाईल परत आणून दिलान. चालू होता. पण अजूनही पावसाळ्यात कानाला लावला की वास येतो.

त्या दिवशी मी ठरवलं, मोबाईलवर येईल ते सगळं खोटं. बघायचं नाही, विचारायचं नाही, आधी खोटं म्हणायचं. आणि मी ते मन लावून केलं. कुणी बातमी टाकली की पाच मिनिटांत माझा आवाज, "खोटं हाय. पुढं पाठवू नका." बिनमाणसाची गाडी? खोटं. यंत्र माणसासारखं बोलतं? खोटं, माणूसच माणसासारखा बोलत नाही. आकाशातून बघून समुद्रात मासळी कुठं आहे ते सांगतात? एकदम खोटं. ज्या तांडेलाशी मी ह्यावरून आठवडाभर भांडलो, तो तीच माहिती बघून बोट घेऊन गेला आणि सुरमई भरून आणलीन. त्यातली एक माझ्या घरी पाठवलीन. मी सुरमई खाल्ली, हात धुतले आणि ग्रुपवर सांगितलं, "सुरमई खरी हाय, बातमी खोटी हाय."

ग्रुपवर मुंबईचे चाकरमानी पण होते. ते लांबच लांब लिहायचे. एवढं वाचायचं कुणी? मी वरचं एक अक्षर आणि खालचा फोटो बघून निकाल द्यायचो. एकदा असाच निकाल दिला, "खोटं हाय, असल्या अफवा पसरवू नका." नंतर कळलं, ती कुणाच्या तरी सासूच्या बाराव्याची सूचना होती. बाराव्याला मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. घरातला जावई मला पाणी देताना म्हणाला, "बसा. तुमची खात्री पटेपर्यंत बसा."

तरी लोक मला विचारायचे. बंदरावर आमच्या लोकांना कुणाचीतरी टिंगल करायला लागते आणि कुणाचंतरी ऐकायला पण लागतं. माझ्याकडे दोन्ही कामं एका माणसात होत होती.

आता माझ्या हाताचं सांगतो. माझ्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत. करंगळीच्या बाजूला एक, लहान, नख आहे, एका पेराचं. थोडं वाकतं. लहानपणी आवस, म्हणजे आई, मला सदऱ्याची डावी बाही लांब शिवायची. शाळेत पोरं जे म्हणायची ते इथं सांगत नाही, तुम्हाला अंदाज आहे. मी तो हात खिशात घालायला शिकलो, फोटोत पाठीमागं ठेवायला शिकलो. मुलगी बघायला गेलो तेव्हा मांडीवर रुमाल, रुमालाखाली हात. पोहे उजव्या हातानं खाल्ले, बशी उजव्या हातानं ठेवली, नमस्काराच्या वेळी खोकला काढला.

पण देवानं काय करून ठेवलंय बघा. हेच बोट माझं पोट भरतं. जाळ्याचं एकेक भोक सारखं यायला पाहिजे. बाकीचे लोक त्यासाठी बांबूची पट्टी वापरतात, तिच्यावरून दोरा फिरवायचा आणि गाठ मारायची. मी दोरा त्या बोटावरून फिरवतो. पट्टी झिजते, हरवते, कुणी नेतं. माझी पट्टी कुणी नेत नाही. आमच्याकडे एक चाचा आहेत, माझ्या शेजारी बसून तीस वर्षं जाळी शिवतात, ते म्हणतात, "तुझी वीण मी डोळे मिटून ओळखीन." काम करताना मी बोटाकडे बघत नाही. बघायची गरजच नाही. खरं सांगायचं तर काम नसताना पण बघत नाही.

मग ती एआयची चित्रं यायला लागली. वाघ मोटारसायकलवर, म्हातारी विमान चालवतेय. सगळे गोंधळले, आणि माझा भाव वाढला. कारण मी कुठंतरी बघितलं होतं, खोटं चित्र ओळखायची खूण काय, तर हाताची बोटं मोजायची. यंत्राला हात जमत नाही, पाचाच्या जागी सहा काढतं. मी ही विद्या सगळ्या बंदराला शिकवली. जाळ्यावर बसल्या बसल्या उजव्या हातानं मोबाईल वर धरायचो आणि सांगायचो, "बोटं मोजा. सहा दिसली की समजायचं, असा माणूस जगात नाही." डाव्या हातात दोरा असायचा. सगळे मान हलवायचे. चाचा माझ्या हाताकडे बघायचे, मग समुद्राकडे बघायचे, आणि विडी पेटवायचे.

गेल्या वर्षी पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत, बोटी वर काढलेल्या होत्या आणि आम्ही शेडमध्ये जाळी पसरून बसलो होतो, तेव्हा पुण्याहून एक पोरगी आली. चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. कॅमेरा घेऊन. म्हणाली, "काका, तुमचं काम टिपू का?"

मी केस सारखे केले.

"चेहरा नको, काका. फक्त हात हवेत."

इतका स्पष्ट नकार मला लग्नाच्या बाजारातपण मिळाला नव्हता.

पहिल्या दिवशी मी डावा हात जाळ्याखाली ठेवून बघितला. तसं कामच होईना. दुसऱ्या दिवशी अर्धा लपवला. पोरगी नुसती बसून राहायची. दुपारी आमच्या घरी भाकरी आणि सुकट खायची. तिसऱ्या दिवशी मी विसरलोच की ती आहे. जाताना तिला मी वीतभर जाळं विणून दिलं. घेऊन गेली.

आणि मी विसरलो. हे माझं वैशिष्ट्य आहे.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी दुपारी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. निळा निळा उजेड, मागं पाण्याचा आवाज, आणि दोन हात, एवढे मोठे की बोटीचा नांगर वाटावा. दोरा फिरतोय, गाठ पडतेय, हळूहळू. बघत राहावंसं वाटत होतं, हे मान्य करतो. खाली कुणीतरी माझं नाव घालून विचारलं होतं, खरं की एआय?

मी मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

मला इतका आनंद झाला. आयुष्यात मी शिकवलेलं काहीतरी बरोबर आलं होतं. बटण दाबलं आणि बोललो, चांगलं मिनिटभर बोललो. "मी मिरकरवाड्याला जाळी शिवणारा. तीस वर्षं झाली. माझ्यापेक्षा ह्यातलं कुणाला कळतंय? हा हात खोटा हाय. सहा बोटं हायत, मोजून घ्या. असा हात मी जन्मात बघितलेला नाय."

ह्यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

अंगठे आले, हात जोडलेले आले. माझा आवाज ह्या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला. दोन दिवस मी बंदरावर छाती काढून फिरलो. तिसऱ्या दिवशी चाचांनी विचारलं, "कसला व्हिडिओ? आम्हाला दाखव तरी."

चाचांनी चष्मा लावला. व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. माझं भाषण ऐकलं. मग माझा डावा हात मनगटाला धरून वर उचलला आणि मोबाईलच्या शेजारी आणला.

"ह्या अंगठ्यावर गळ लागल्याची खूण आहे," चाचा म्हणाले. "त्या अंगठ्यावर पण आहे."

मी बघितलं. मोबाईलकडे, मग हाताकडे. मग परत मोबाईलकडे.

"बाबा रे," चाचा म्हणाले, "जगात लोक दुसऱ्याला खोटं पाडतात. तू घरच्या घरी भागवलंस."

सगळी शेड हसली. मी पण हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. म्हटलं, एक दिवस हसतील आणि मिटेल.

दुसऱ्या दिवशी त्या पोरीचा फोन आला.

"काका, तो आवाज तुमचाच आहे ना?"

मी खोकलो.

तिनं रडून नाही सांगितलंन. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी बोलता आलं असतं. तिनं सरळ सांगितलंन की हा व्हिडिओ म्हणजे तिचं शेवटच्या वर्षाचं काम. स्वतःच्या कॅमेऱ्यानं केलेलंच चालतं, यंत्राकडून करवलेलं चालत नाही. कुणीतरी मोबाईलवर लिहिलंन की हे एआयचं आहे, मग शंभर लोकांनी लिहिलं, आणि मग कॉलेजात तक्रार गेली. तिनं कॅमेऱ्यातलं मूळ दाखवलंन, तर म्हणाले हल्ली तेपण बनवता येतं. शुक्रवारी तीन शिक्षक बसून ठरवणार होते. खोटं ठरलं तर वर्ष गेलं, आणि फसवणारी म्हणून नाव लागणार ते वेगळंच.

"आणि त्यांच्याकडे पुरावा काय आहे माहितीये, काका?" ती म्हणाली. "तुमचा आवाज. म्हणतात, मिरकरवाड्याचा जाळीवाला स्वतः सांगतोय."

मी म्हटलं, "बाय, तू काळजी करू नको. मी आत्ता सांगतो सगळ्यांना."

बटण दाबलं. "तो हात माझाच हाय. मी चुकलो. पोरगी खरी हाय." पाठवलं. मला वाटलं, मिटलं. बातमी खोटी आहे म्हणायला मला पाच सेकंद लागायचे, खरी आहे म्हणायला सहा लागले असतील.

तासाभरात उत्तरं आली. बायकोनं वाचून दाखवलीन. एकानं लिहिलं होतं, "हा आवाज एआयचा आहे. खरा माणूस परवाच खोटं म्हणून गेलाय." दुसऱ्यानं, "दोन आवाज लावून ऐका, पहिला कसा ठाम आहे, दुसऱ्यात घाबरल्यासारखं वाटतं." मग मी हाताचा फोटो काढून टाकला. आयुष्यातला पहिला. लगेच उत्तर आलं, "बघा, परत सहा! ह्यांना अजून हात जमत नाहीत."

ती ओळ माझ्याच धड्यातली होती. शब्द न् शब्द.

बायको म्हणाली, "आता काय?"

"आता काय? मी काय करणार? माझ्यावर कोण विश्वास ठेवतंय?"

"मोबाईलवर कोण ठेवणार नाय," ती म्हणाली. "तिकडं जाऊन बसा."

"पुण्याला? एवढ्या लोकांत? हात घेऊन?"

"नाय, हात इथं ठेवून जा. मी मीठ लावून ठेवते."

शुक्रवारसाठी आम्ही गुरुवारीच एसटीनं निघालो. मांडीवर एक फाटकं जाळं, सुई, दोऱ्याचं रीळ. कंडक्टर दोनदा वास घेऊन गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "काका, मासळी आहे का काय?" मी म्हटलं, "मासळी नाय, मोबाईल हाय." बायकोनं मला कोपर मारलंन. पण रस्ताभर माझा डावा हात पँटच्या खिशात होता. घामानं खिसा ओला झाला.

कॉलेजात एक मोठी खोली. भिंतीवर पोरांची चित्रं. टेबलामागं तीन शिक्षक, दोन सर आणि एक वयस्कर मॅडम. मागं वीस-पंचवीस पोरंपोरी. आमची पोरगी बाजूला उभी, हातात मी दिलेलं ते वीतभर जाळं, त्याला पीळ घालत होती आणि सोडत होती.

चष्मेवाले सर म्हणाले, "तुम्हीच ते कशावरून?"

मी आधार कार्ड दिलं.

"ह्यावर चेहरा आहे. हात नाही."

"सर, हिला चेहरा नको होता आणि सरकारला हात नको होता. मी काय करू?"

मागची पोरं हसली. सर पण थोडे हसले. मला बरं वाटलं. म्हटलं, असंच बोलत बोलत वेळ काढू. तेवढ्यात ते म्हणाले, "ठीक आहे. मग हात दाखवा."

आणि मला काही सुचेना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. जीभ आहे, लोक आहेत, सगळे ऐकतायत, आणि विनोद नाही. हात खिशातून निघेना. आवस बाही खाली ओढायची ते आठवलं. मी पोरीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. जाळ्याकडे बघत होती. तिनं मला एकदापण "काका, दाखवा ना" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी कदाचित काहीतरी बोलून निसटलो असतो.

मग मी खाली फरशीवर बसलो. जाळं पसरलं. फाटलेली जागा शोधली, पायाच्या अंगठ्यात एक टोक अडकवलं, उजव्या हातात सुई घेतली. आणि डावा हात आपोआप बाहेर आला. कामाला आला, दाखवायला नाही. दोरा त्या बोटावरून फिरवला, गाठ मारली. परत फिरवला, परत गाठ.

चार-पाच भोकं झाली तेव्हा मॅडम टेबलामागून उठून माझ्यासमोर फरशीवर येऊन बसल्या. मांडी घालून.

"हे बोट काय करतं?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, बाकीची काम करतात. हे मोजतं."

त्यांनी पोरीच्या हातातलं जाळं मागून घेतलं आणि मी आत्ता विणलेल्या भागावर ठेवलं. भोकावर भोक बसलं. पहिलं बसलं, शेजारचं बसलं, पुढचंपण बसलं. त्या जाळं सरकवत गेल्या आणि शेवटच्या भोकापर्यंत गेल्या. मग त्यांनी सरांना खुणेनं बोलावलं.

सर वाकले. चष्मा वर केला. "मी... हे बोट ओढून बघितलं तर चालेल?"

"बघा. निघालं तर परत लावून द्या."

त्यांनी खरंच ओढलं, हळूच, पेन्सिलीचं टोक बघावं तसं. निघालं नाही. सर ओशाळले, "सॉरी" म्हणाले. मला जन्मात हाताबद्दल कुणी सॉरी म्हटलं नव्हतं, म्हणून मीपण म्हटलं, "सॉरी."

मॅडम उठता उठता पोरीला म्हणाल्या, "तुझं काम तुझंच आहे. आम्ही तसं लिहून देतो." एवढंच. पोरगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बायको तिच्याजवळ गेली आणि पाठीवर हात ठेवलान. मी जाळं गुंडाळायला घेतलं, तर मागची पोरं म्हणाली, थांबा, काका, अजून थोडं करा. मी ती फाटलेली जागा पूर्ण केली. निम्मी ठेवून उठायची सवय नाही.

त्या खोलीतला माझा फोटो कुणीतरी मोबाईलवर टाकला. जाळं, हात, मॅडम, सर, सगळे. बायकोनं परतीच्या एसटीत खालची उत्तरं वाचून दाखवायला घेतलीन. "आधीच ठरवून केलंय." "ह्या मॅडमची मांडी बघा, गुडघा चुकलाय." मी म्हटलं, राहू दे. तिनं मोबाईल पिशवीत टाकलान.

खिडकीतून वारा येत होता. माझा डावा हात गुडघ्यावर होता, उघडाच. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

"तुम्ही बघायला आलात तेव्हा रुमालाखाली ठेवला होतात," ती म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"खोकलात तेव्हा रुमाल सरकला. मी मोजली."

तीस वर्षं मी समजत होतो की तिला लग्नानंतर कळलं. "मग हो कशी म्हणालीस?"

"एक जास्त होतं," ती म्हणाली. "कमी असतं तर विचार केला असता."

माझ्या तोंडात सवयीनं "खोटं हाय" आलं होतं. ते तसंच गिळलं आणि हात होता तिथंच ठेवला.